चाकांचा रकाना

"पाच," मैथिली म्हणाली.

आप्पांचं पेन तोवर वहीवरून उठलं होतं. मांडीवरच्या लांबट वहीत, चाकांच्या रकान्यात, त्यांनी सहाचा आकडा घातला होता आणि शेजारी आपली ती आखूड सही ठोकली होती.

"सहा गं, माउली. दोन पुढं, दोन इकडं, दोन तिकडं. किती झाली?"

"सहा. पण आज पाच होती."

"बरं, पाच तर पाच. टोपी घाल, ऊन आहे."

मी डोळे उघडले. विमान समोरच्या डोंगरापलीकडे वळून घारीएवढं झालं होतं. त्यात संदेश बसला होता, माझा नवरा. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला होता, कंपनीच्या कामाला मुंबईला निघाला होता, आणि खिडकीतून तुम्ही दिसता का बघतो असं सांगून गेला होता. म्हणून तर मी त्या दिवशी आप्पांच्या स्कूटरवर मागे बसून तिथे आले होते. एरवी ती जागा आजोबा-नातीची.

याला आता सात वर्षं झाली. मैथिली तेव्हा साडेचार वर्षांची होती.

आमच्या शहराचा विमानतळ लहान. दिवसाला तीन विमानं, तीही पंख्यांची. मरीआईच्या देवळामागे एक उंचवटा आहे, तिथून कुंपणाच्या भिंतीवरून धावपट्टी दिसते आणि विमान अगदी समोर जमीन सोडतं. रविवारी तिथे हौशी मंडळी यायची, मोठाल्या भिंगांचे कॅमेरे घेऊन. कुठलं विमान आलं, शेपटीजवळ कोणती अक्षरं आहेत, नवा रंग दिलाय का, यावर त्यांची तासन् तास चर्चा चालायची. आप्पा त्यांच्यात बसायचे, पण त्यांचा छंद वेगळा होता. ते चाकं मोजायचे. विमान उडालं की चाकं पोटात घेतं, त्याच्या आत मोजून व्हायला हवीत, असा त्यांचा नियम. मग तारीख, वेळ, अक्षरं, चाकं आणि सही.

"ढवळेकाका, हवा पण भरून देताय का?" असं ती मंडळी विचारायची.

"द्या की पाठवून," आप्पा म्हणायचे.

आप्पा एसटीच्या आगारात हेड मेकॅनिक होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी आमची स्कूटर ते आधी चारी बाजूंनी बघायचे, मगच चावी लावायचे. मैथिलीच्या तीनचाकी सायकलीचे नटसुद्धा बारक्या हातोडीने ठोकून आवाज ऐकायचे. मी एकदा म्हटलं होतं, "आप्पा, विमानाची चाकं रोज कशाला लिहिता? सहा असणार ती सहाच असणार."

"असणार म्हणून लिहायचं नसतं, शलाका," ते म्हणाले होते, आणि विषय तिथेच संपवला होता.

उंचवट्याकडे जायला जुन्या स्टँडवरून जवळचा रस्ता होता. आप्पा नेहमी कॅनॉलच्या लांबच्या रस्त्याने जायचे. गर्दी नको वाटते, म्हणायचे.

त्या दिवशी मंगळवार होता. आम्ही तिघं सोडून तिथे कोणी नव्हतं. विमानाने धाव घेतली तशी माझ्या पोटात कालवाकालव झाली आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. मी, जिच्या नजरेतून घरातली उघडी राहिलेली कडीसुद्धा सुटत नाही, तिने नेमके त्याच वेळी डोळे मिटले.

"मैथू," मी तिच्यापुढे उकिडवी बसले, "नीट सांग. कुठली दोन होती आणि कुठलं एक?"

"पुढची दोन होती. तिकडची दोन होती. इकडचं एकच होतं."

"लपलं असेल एकामागं एक."

"नाही लपलं. त्याचं चाक घरीच राहिलं."

"घरी म्हणजे?"

"खालीच," ती म्हणाली आणि चप्पलने माती उकरायला लागली.

आप्पा वही पिशवीत घालत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. "आप्पा, सहा होती ना?"

"लिहिलंय ना."

"लिहिलंय ते दिसतंय. तुम्ही मोजली ना?"

त्यांनी पिशवीची चेन ओढली. ती मध्येच अडकली, ते परत मागे घेऊन ओढत राहिले. "लहान आहे ती," ते म्हणाले. "आणि तू आधीच भ्यालेली. संदेशनं काय सांगितलंय तुला?"

संदेशने जे सांगितलं होतं, ते सांगायला हवं. काळजी करण्यात माझा हात कोणी धरला नसता. मी रसायनशास्त्राची पदवीधर, त्यामुळे माझी काळजीही साधी नसायची, तिला कारणं असायची. त्याच वर्षी समोरच्या इमारतीतून धूर येताना बघून मी अग्निशमन दलाला बोलावलं होतं. बंब आला, शिडी लागली, आणि देशमुखांच्या घरातून डासांचा धूर करणारा माणूस नाकाला फडकं बांधून बाहेर आला. त्याआधी मैथिलीचा रिक्षावाला वीस मिनिटं उशिरा आला म्हणून मी पोलीस चौकी गाठली होती. तो बिचारा पंक्चर काढत होता. पुढे तीन महिने सोसायटीत कोणी कुकरची शिट्टी झाली तरी म्हणायचं, "वहिनींना कळवा." संदेशने माझा हात हातात घेऊन वचन घेतलं होतं, की कोणालाही फोन लावायच्या आधी शंभरपर्यंत मोजायचं. सावकाश. आणि तरीही वाटलं तर त्याला लावायचा.

त्याचा फोन बंद होता.

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. चार वाजून चौदा मिनिटं झाली होती. मुंबई तासाभराची. सव्वापाचला ते विमान खाली उतरणार आणि उतरताना पहिल्यांदा त्या चाकांवर भार येणार. अकरा, बारा. साडेचार वर्षांचं लेकरू काहीही म्हणतं, कालच ती म्हणाली होती की चंद्र आपल्या गच्चीवर पाणी प्यायला येतो. वीस. पण मोजण्यात ती कधी चुकायची नाही. आप्पांनी तिला आकडे शिकवलेच चाकांवर. सदतीस, अडतीस. आणि आप्पा माझ्याकडे बघत का नाहीत?

एकेचाळीसला मी थांबले.

"आप्पा, एकच विचारते. मला खरं सांगा. तुम्ही चाकं बघितली?"

बराच वेळ गेला असं मला वाटलं. फार तर चार-पाच सेकंद असतील.

"नाही," ते म्हणाले. "तू डोळे मिटून झोकांडलीस. मला वाटलं, पडतेस. मी तुझ्याकडं बघत होतो. मान वळवली तोवर त्यानं पाय पोटात घेतले."

"आणि सहा लिहिलंत?"

"हात गेला," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा असा झाला की मला पुढे काही विचारवलं नाही. मी मैथिलीला उचललं आणि स्कूटरपाशी गेले. "विमानतळावर चला."

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच स्कूटर न बघता चावी लावली.

उंचवट्यापासून फाटकापर्यंत वळसा घालून चार किलोमीटर. मी मागे बसून विमानतळाचा नंबर लावत होते. वाजून वाजून बंद पडायचा. मैथिली आमच्या दोघांच्या मध्ये चेपलेली, विचारत होती, "बाबांना चाक द्यायला चाललोय का?"

फाटकावर सुरक्षेचा एक अधिकारी होता, छातीवरच्या पट्टीवर साळुंखे असं नाव. पन्नाशीचा, पोट सुटलेला, डोळे थकलेले. मी एका दमात सगळं सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, ते मी आजही त्याच्या बाजूने धरते.

"म्हणजे एक चाक गळालं."

"हो."

"ताई, ते विमान आहे. वडाप जीप नाही. पायलटला कळलं नसतं का?"

"मला माहीत नाही त्याला कळतं की नाही. कळलं असेल तर चांगलंच आहे. तुम्ही फक्त विचारा."

"तुम्ही बघितलं?"

"नाही. माझे डोळे मिटलेले होते."

"मग कोणी बघितलं?"

मी मैथिलीकडे बोट दाखवलं. ती फाटकाच्या दांड्याला लोंबकळत होती. शेजारच्या शिपायाने तोंडावर हात ठेवला. साळुंखे हसले नाहीत, पण खुर्चीत जरा मागे रेलले, आणि मला कळलं की आपण हरलो. तो रेलण्याचा प्रकार मी अग्निशमन दलातही पाहिला होता.

"बाळ, किती चाकं होती?"

"पाच."

"आणि तुझ्या हाताला बोटं किती?"

"पाच," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "आणि या हाताला पण पाच."

"बघा," साळुंखे मला म्हणाले. "आत्ता मी वर कळवलं, तर तिकडं साठ-सत्तर माणसांचा जीव टांगणीला लागणार. धावपट्टी बंद, चौकशी सुरू. आणि मला विचारतील, साळुंखे, आधार काय? काय सांगू? बोटं?" मग त्यांचं लक्ष आप्पांकडे गेलं. "काका, तुम्ही देवळामागं बसता ना वही घेऊन? आमच्याकडं माहिती आहे तुमची. त्या वहीत काय लिहिलंय?"

आप्पा फाटकाबाहेर स्कूटरला टेकून उभे होते. ते हलले नाहीत.

"दाखवा की."

त्यांनी वही काढली. साळुंख्यांनी शेवटचं पान उघडलं, बोटाने ओळ धरली आणि मोठ्याने वाचलं. "सोळा-बारा. चाकं, सहा. खाली सही. ही तुमचीच?"

"माझीच."

"झालं मग." त्यांनी वही माझ्यापुढे धरली, रागाने नव्हे, उलट समजुतीने. "घरातल्या मोठ्या माणसानं मोजून लिहिलंय, सही केलीय. जावा तुम्ही. तासाभरात त्यांचाच फोन येईल तुम्हाला."

भिंतीवरच्या घड्याळात चार पस्तीस झाले होते.

मी आप्पांकडे पाहत राहिले. मी सांगू शकले असते, पण माझ्या सांगण्याला तिथे किंमत उरली नव्हती. वहीला होती. सासऱ्यांना मी कधी अरे-तुरे केलं नव्हतं, कधी उलट बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाही. नुसती पाहत राहिले.

आप्पा आत आले. टेबलावर वाकले आणि साळुंख्यांच्या हातातून वही घेतली.

"साहेब, ही नोंद खोटी आहे."

"म्हणजे?"

खिशातलं पेन काढून त्यांनी सहाच्या आकड्यावर आडवी रेघ मारली. हात एवढा थरथरत होता की रेघ वाकडी झाली. मग समोरच्या जागेत, एकेक अक्षर सुटं सुटं, त्यांनी लिहिलं: न बघता लिहिले. खाली सही केली, पण ती आखूड नाही. भगवान कोंडिबा ढवळे, हेड मेकॅनिक, निवृत्त. तारीख, वेळ.

"पोरगी मोजण्यात चुकत नाही," ते म्हणाले. "मी चुकलो. आता आधार म्हणून हे दाखवा. उद्या खोटं निघालं तर मला आत टाका."

शिपायाने तोंडावरचा हात काढला होता. साळुंख्यांनी ते पान दोनदा वाचलं. माणूस स्वतःच्या सहीवर रेघ मारतो, हे नोकरी केलेल्याला जसं कळतं तसं माझ्यासारखीला त्या वेळी कळलं नाही. त्यांना कळलं. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला.

"मेन गेट. दुपारचं मुंबई गेलंय, त्या धावपट्टीवर गाडी पाठवा. कडेच्या गवतातसुद्धा बघायला सांगा. हो, आत्ता. नाही, माझ्या जबाबदारीवर."

आम्हाला बाहेर झाडाखालच्या बाकावर बसवलं. मैथिलीला शिपायाने पारलेचा पुडा दिला, तो ती खात बसली. तारेच्या जाळीतून लांबवर धावपट्टी दिसत होती, उन्हात थरथरणारी. एक पिवळी जीप तिच्यावरून मुंगीसारखी निघाली.

"एक्याण्णव साली," आप्पा म्हणाले.

मला वाटलं, ते मैथिलीशी बोलतायत.

"जानेवारी होता. पहाटेच्या पाच गाड्या सुटायच्या होत्या. प्रत्येकीचे नट ठोकून बघायचे आणि रजिस्टरात सही करायची, ते माझं काम. कडक नटाचा आवाज खणखणीत येतो, ढिल्याचा बद्द. थंडी मरणाची होती. शेगडीजवळ चहाचा कप घेऊन बसलो होतो. रोज घट्ट असतात ते आजही असणार, म्हटलं. पाचही गाड्यांच्या सह्या तिथं बसूनच केल्या."

मी जीपवरची नजर काढली नाही. ऐकत होते.

"तिसरी गाडी रंगनाथ गुंजाळची. घाट उतरताना मागचं चाक निखळलं. तो गेला, आणि चार पॅसेंजर." त्यांनी घसा साफ केला. "चौकशी झाली. रजिस्टर मागवलं. त्यात माझी सही, चाकं तपासली, ठीक. मग दोष कुणाचा? गाडी जोरात मारली असणार. रंगनाथचा. तो काही बोलायला नव्हता. मला एकदाच विचारलं, ढवळे, सही तुमची का? मी म्हटलं, माझीच."

"संदेशला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. तुझ्या सासूलाही नव्हतं. त्याची बायको अजून जुन्या स्टँडमागच्या चाळीत राहते. दारू पिऊन चालवत होता, असं लोक तिला तोंडावर म्हणायचे. प्यायचा नाही तो. माळकरी होता."

जीप थांबली होती. धावपट्टीच्या कडेला, आमच्या उंचवट्याच्या बाजूला. दोन माणसं उतरून गवतात शिरली. एक वाकला. मग दुसराही वाकला. दोघांनी मिळून काहीतरी जड उभं केलं आणि ते त्यांच्या मधोमध गोल, काळं दिसलं.

मैथिली बिस्किट खाता खाता म्हणाली, "ते बघ. राहिलेलं."

माझ्या हातापायातलं बळ गेलं. आप्पांनी माझा खांदा धरला. साळुंखे आतून जवळजवळ पळतच आले. "पायलटला कळवलंय. बाजूचं दुसरं चाक शाबूत आहे, असं उतरता येतं म्हणतायत. मुंबईला सगळी तयारी ठेवतील. ताई, खाली बसा तुम्ही. पाणी आण रे."

त्यानंतरचा पाऊण तास मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. शंभरपर्यंत किती वेळा मोजलं, ते आठवत नाही. सव्वापाच झाले. साडेपाच झाले. वरती त्यांनी विमानाला घिरट्या घालायला लावल्या होत्या, ते नंतर कळलं. पाच एक्केचाळीसला माझा फोन वाजला.

"उतरलो गं," संदेशचा आवाज. मागे माणसांचा गलका. "मस्त वाटलं. जरा एका बाजूला कललं उतरताना, आणि शेजारून बंबाच्या गाड्या पळत होत्या, काय प्रकार होता कोण जाणे. टीव्हीवर काही दाखवलं तर घाबरू नकोस. तुझं आपलं लगेच सुरू होतं. दिसलो का तुम्हाला?"

"नाही दिसलास. माझे डोळे मिटलेले होते."

"आणि कुणाला फोन-बिन केला नाहीस ना? शंभरपर्यंत मोजलंस?"

"एकेचाळीसपर्यंत," मी म्हटलं आणि मग मला रडू फुटलं. त्याला वाटलं, लाइन गेली.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. जागरूक कर्मचाऱ्यांमुळे अनर्थ टळला, असं काहीतरी. साळुंख्यांचा फोन आला होता, नावं देऊ का म्हणून. आप्पांनी नको म्हणून सांगितलं.

रात्री ते जेवले नव्हते. सकाळी अंघोळ करून त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, पिशवीत वही ठेवली आणि स्कूटरपाशी गेले. चारी बाजूंनी बघितली. खाली वाकून मागच्या चाकाचे नट हाताने चाचपले. मैथिली गॅलरीतून ओरडली, "आजोबा, मी पण."

"आज नाही, माउली."

घरातलं कोणीही बाहेर पडलं की दारातून दोन प्रश्न विचारायची माझी सवय होती. कुठे चाललात आणि किती वाजता याल. संदेश त्याला आउटगेटची एंट्री म्हणायचा. त्या सकाळीही मी कठड्याला धरून उभी होते, प्रश्न तोंडात तयार होते.

आप्पांनी वर पाहिलं. मला वाटतं, ते विचारण्याची वाटच बघत होते.

मी काही विचारलं नाही. त्यांनी मान हलवली आणि स्कूटर सुरू केली. कोपऱ्यावर कॅनॉलचा रस्ता उजवीकडे जातो. तिथे ते क्षणभर थांबले. मग डावीकडचा दिवा लुकलुकला, आणि पांढरा शर्ट जुन्या स्टँडच्या रस्त्याला लागला.